देशोदेशींचा शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘निरनिराळ्या देशांत निरनिराळे लोक एकत्र कसे राहतात’ हा विषय अध्यक्षाबाईंनी मला दिला, तेव्हा मला हसूच आले. मी सातवी शिकलेली. लग्न होऊन साताऱ्याकडच्या खेड्यातून सोलापुरात आले, एवढाच माझा परदेश! पण नाही म्हणवेना. मुलाकडून चार गोष्टी वाचून घेतल्या, त्या प्रथम सांगते.

स्वित्झर्लंड हा देश आपल्या महाराष्ट्राहून कितीतरी लहान, पण त्याच्या राष्ट्रभाषा चार आहेत : जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमांश. रोमांश बोलणारे शंभरात एकसुद्धा नाहीत, तरी तिथल्या नोटेवर तिला जागा आहे. मात्र बहुतेक लोक आपापल्या भाषेच्या मुलखातच राहतात. सिंगापुरात निराळेच. तिथे चिनी, मलय आणि आपले भारतीय लोक आहेत. सरकारने बांधलेल्या एका इमारतीत कोणत्या समाजाची जास्तीत जास्त किती घरे असावीत, याचा नियम १९८९ पासून आहे. हेतू हा की एकाच समाजाची आळी होऊ नये. कॅनडाने १९७१ साली जाहीर केले की, देशात आलेल्या प्रत्येकाने आपली संस्कृती जपावी, हेच आमचे धोरण. मॉरिशसमध्ये तर एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या आपल्या मराठी माणसांच्या वंशजांची मुले आजही शाळेत मराठी शिकतात. उलट जपानात जवळजवळ सगळ्यांची भाषा एकच.

आता यांत पहिला नंबर कोणाचा? मुलगा म्हणाला, “आई, जिथे भाषा जास्त, तो देश पुढे.” तसे असेल तर आपणही काही मागे नाही. बटव्यातली दहाची नोट काढून मागची बाजू बघा. एका पट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिली आहे. त्यांत मराठी आहे, तेलुगू आहे, कानडी आहे, उर्दूही आहे. म्हणजे आपले सोलापूरच त्या पट्टीत उभे आहे.

१८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. मागाच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली. कानडी मंडळी तर इथलीच. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाची मिरवणूक, दोन्हींना सारे गाव लोटते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले आपले चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे, हेही एका समाजाचे नव्हते.

हे सारे मी अभिमानाने सांगते. पण भगिनींनो, खरे सांगायचे ते पुढेच आहे.

मी नवी नवरी असताना पाण्याच्या दिवशी घागर घेऊन नळावर गेले. शेजारच्या कानडी आजी मला बघून ओरडल्या, “नीर बंतु!” मला वाटले, नळ बंद झाला. मी रिकामी घागर घेऊन घरी! सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ‘बंतु’ म्हणजे ‘आले’. तेव्हा माझा हात धरून पुन्हा नळावर नेले ते समोरच्या अक्कांनी. त्या करीमनगरकडून लग्न होऊन आलेल्या. माझ्या पहिल्या बाळंतपणात मध्यरात्री रिक्षा आणायला धावल्या त्याही अक्काच. त्या विड्या वळतात, तेलुगू वाचतात. मराठी कामापुरते बोलतात, वाचता येत नाही.

अक्का सात वर्षे आपल्या मंडळात येतात आणि दाराजवळ बसतात. आपण हसलो की हसतात. मी म्हणत असे, लाजाळू आहेत. गेल्या वर्षी भिशीचा नियम बदलला. ज्यांना पैशांची निकड आहे त्यांनी अमुक तारखेच्या आत नाव द्यावे, असे मीच फळ्यावर लिहिले. अक्कांनी नाव दिले नाही. मुलीच्या कॉलेजची फी भरायला त्यांनी कानांतली फुले गहाण ठेवली. मला हे दोन महिन्यांनी कळले, तेही त्यांचे रिकामे कान पाहून. मी विचारले, “अक्का, बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “फळ्यावर काय आहे, मला कुठं कळलं? सगळ्या माना हलवत होत्या, मीपण हलवली.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या नोटा अक्कांनी भिशीत भरल्या त्यांवर तेलुगू होती, भिशीच्या फळ्यावर मात्र नव्हती. आणि तो फळा लिहिणारा हात माझा होता.

म्हणून मला वाटते, देश असो की मंडळ, तिथे किती तऱ्हेचे लोक आहेत हे मोजून भागत नाही. त्यांतल्या थोड्या लोकांना उठून “मला समजले नाही” असे म्हणता येते का, ते बघावे. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले. औषध देऊनच ते थांबले नाहीत, तिथली भाषा शिकले. तिथेच गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि मुलाचे नाव यिनह्वा ठेवले. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या गावच्या बायकांना समोरच्या घरची भाषा थोडीशी शिकणे जड का जावे?

आता आपल्या सभेत प्रत्येक सूचना तेलुगूत व कानडीत वाचून दाखवतात. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात. घाई असलेल्या भगिनींना माझी विनंती, ती पाच मिनिटे कुरकुर न करता द्या. आणि पुढच्या स्मरणिकेत दोन पाने तेलुगू आणि कानडी लिहिणाऱ्या भगिनींसाठी राखून ठेवा.

अक्कांची फुले या दिवाळीला सुटली. त्या आज दाराजवळ नाहीत, पुढच्या ओळीत बसल्या आहेत, आणि मी कुठे चुकले ते घरी गेल्यावर सांगणार आहेत.