शाकुंतलातील भ्रमर



संस्कृत नाटकांतील प्रेमविषयक उपमा-रूपके म्हणजे केवळ शृंगाराची आरास, असा एक समज आहे. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’तील भ्रमर या समजाचे निरसन करतो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हे नाटक संगीतरूपाने मराठी रंगभूमीवर आणले. तेव्हा त्याचे कथानक येथे विस्ताराने सांगावयास नको.

भ्रमर नाटकात वारंवार येतो. पहिल्या अंकात शकुंतला नवमालिकेला पाणी घालीत असता तो वेलीवरून उडून तिच्या मुखाभोवती घिरट्या घालू लागतो. ही कन्या आपणास वरण्यास योग्य आहे काय, या विचारात अडखळलेला दुष्यंत त्याचा हेवा करतो. कारण भ्रमराला असला विचार करावा लागत नाही.

पाचव्या अंकाच्या आरंभी अंतःपुरातून हंसपदिकेचे गीत ऐकू येते. कमळात रमून आम्रमंजरीला विसरलेल्या भ्रमराला तिने त्यात बोल लावला आहे. राजाला त्यात हंसपदिकेचा उपालंभ तेवढा कळतो. तरीही त्याचे मन अकारण व्याकुळ होते. दुर्वासांचा शाप ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र त्याच शब्दांत शकुंतलेचे भवितव्य उमगते. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त जिचे विवेचन केले, ती व्यंजना हीच होय.

सहाव्या अंकातील भ्रमर चित्रातला आहे. पश्चात्तापदग्ध राजा त्याला खरा मानून दटावतो, आणि विदूषकाने भानावर आणताच त्याचे चित्रातले सुखही नाहीसे होते.

महाभारतातील कथेत शाप नाही. तेथे राजा जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने शाप योजून त्याचा दोष हलका केला. परंतु हंसपदिकेचा विसर पडण्यास कोणता शाप कारण झाला होता? शकुंतला राजसभेत येण्यापूर्वीच हे गीत ऐकवून, कथानक ज्याची क्षमा करते, त्या चंचलतेची साक्ष कवीने रूपकाकडून वदविली आहे. हे रूपक अलंकार म्हणून वगळले, तर नाटकातील न्यायच हरपतो.

म्हणून प्रेमाचे रूपक वाचताना ते कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कोणत्या प्रसंगी, हे पाहावे. संतांनी विरहिणीच्या मुखाने ईश्वराला आळविले, तेथेही हाच विवेक भाविकांस उपयोगी पडेल.