मुलांचीं छायाचित्रें धूसर कां येतात ?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘अगदीं हालूं नकोस’ असें बजावणें म्हणजे वाऱ्याला पाटावर बसविण्यासारखें आहे. पूर्वीं पेटीएवढा असलेला कॅमेरा आतां खिशांतल्या फोनमध्यें येऊन बसला, तरी घरोघरची तक्रार तीच राहिली : हसूं सांपडलें, पण डोळे धूसर आले. ही तक्रार क्षुल्लक नव्हे. पुढचे दोन दात पडलेलें तें हसूं कांहीं आठवड्यांपुरतेंच असतें. पुढल्या खेपेस नीट घेऊं म्हणावें, तों मूल निराळेंच झालेलें असतें.

अशा वेळीं दोष भिंगाच्या माथीं मारून नवें, महाग भिंग आणण्याकडे आईबापांचा कल असतो. पैसे खर्चण्यापूर्वीं तें बिघडलेलें चित्र मोठें करून न्याहाळणें अधिक शहाणपणाचें. चेहरा धूसर, पण मागच्या चटईची वीण स्पष्ट, असें दिसलें तर फोकस भलत्या जागीं बसला आहे. चटई, भिंत, मूल सारेंच एका दिशेनें ओढल्यासारखें आलें असेल तर कॅमेरा धरणारा हात हालला. आणि फुलदाणी स्थिर असून केवळ मुलाचा चेहराच फरफटलेला असेल तर मूल हाललें व शटर सावकाश मिटलें. या तिहींपैकीं पहिल्याचाच भिंगाशीं जवळचा संबंध आहे. बाकीच्या दोहोंवर औषध उजेडाचें. धांवणारें मूल सेकंदाला दोन मीटर सहज जातें. शटर १/६० सेकंद उघडें राहिलें तर तेवढ्यांत तें ३ सेंटिमीटरांहून अधिक सरकतें. १/५०० सेकंदांत मात्र अवघें ४ मिलिमीटर. म्हणून मुलाला खिडकीजवळ किंवा गॅलरींत खेळूं द्यावें, आणि उजेड कमीच असेल तर कॅमेऱ्याचा आयएसओ निःशंकपणें वाढवावा. चित्रावर थोडे कण उमटतात, परंतु कणांतूनहि डोळे दिसतात. फरफटलेल्या डोळ्यांना मागाहून उपाय नाहीं.

आतां भिंगाविषयीं. भिंग एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु खऱ्या अर्थानें स्पष्ट दाखवितें. तिच्या अलीकडे-पलीकडे जो पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो, त्याची जाडी भिंगागणिक बदलते. ३६ बाय २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यांत, मूल दीड मीटरवर आणि छिद्र एफ १.८ असतां, ३५ मिलिमीटरच्या भिंगाला हा पट्टा सुमारें २० सेंटिमीटरांचा मिळतो, ५० च्या भिंगाला १०, आणि ८५ च्या भिंगाला जेमतेम ३.५. एवढ्या अरुंद पट्ट्यांत मुलानें मान तिरपी केली कीं एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धुक्यांत ! छिद्र एफ ४ पर्यंत लहान केलें, तर ५० च्या भिंगाचा पट्टाहि दुपटीहून अधिक रुंदावतो.

यावरून आंखूड भिंगच बरें असा निष्कर्ष कोणी काढील, आणि तेथेंच फसेल. आंखूड भिंगानें चेहरा तेवढाच मोठा हवा असेल तर जवळ जावें लागतें, आणि जवळ गेलें कीं पट्टा पुन्हां आकसतो. ८५ चें भिंग घेऊन अडीच मीटरांवर मागें सरलें, तर ५० च्या भिंगानें दीड मीटरवरून येतो जवळजवळ तेवढाच चेहरा येतो, आणि पट्टाहि तोच १० सेंटिमीटरांचा. मग फरक उरतो तो नाकाचा. फार जवळून घेतलेल्या चित्रांत बालकाचें चिमुकलें नाक बटाट्यासारखें फुगतें. शिवाय लांब भिंग असलें कीं मूल आपल्या खेळांत रमून राहतें, कॅमेरा त्याच्या तोंडाशीं येत नाहीं. दिवाणखाना दहा फुटांचा असेल तर मात्र हा लाभ कागदावरच राहावयाचा.

स्पष्टता सर्वांनाच हवी होती असेंहि नव्हे. कलकत्त्यास १८१५ मध्यें जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमरन यांना १८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें कॅमेरा भेट दिला. पुढल्याच महिन्यांत त्यांनीं इंग्लंडांत ॲनी फिलपॉट या बालिकेचें चित्र घेतलें आणि त्यालाच आपलें पहिलें यश मानलें. जेथें रूप सुंदर दिसलें तेथेंच त्या भिंग थांबवीत, आणि समकालीन छायाचित्रकार त्यांना त्याबद्दल नांवें ठेवीत. उलट १९०० सालीं एक डॉलरला निघालेल्या कोडॅकच्या ब्राउनी पेटीला फोकस करण्याची सोयच नव्हती : साधें भिंग, बारीक छिद्र, आणि कांहीं पावलांपलीकडचें सारें बऱ्यापैकीं स्पष्ट. १९८५ मध्यें मिनोल्टा ७००० आल्यावर एकभिंगी कॅमेऱ्यांत आपोआप फोकस रूढ झाला. आजचीं यंत्रें तर डोळाच हुडकून काढतात. तरीहि डोळा सोडून कपाळावरची बट पकडण्याची खोड त्यांना आहेच.

झोपाळ्यावरील मुलाच्या बाबतींत म्हणूनच जुनी रीत सरस ठरते. झोका पुढच्या टोकाला पोंचला कीं क्षणभर थबकतो. त्या टोकाशीं आधीं एखाद्या वडील भावंडाला उभें करून फोकस पक्का करावा, आपोआप फोकस बंद करावा व छिद्र एफ ५.६ च्या आसपास ठेवावें. मग भावंडाला बाजूला करून, पाय लागणार नाहींत इतक्या अंतरावर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा धरावा. तीन-चार झोके नुसतेच जाऊं द्यावेत, आणि पुढचा झोका थबकण्याच्या किंचित आधीं बोट दाबावें.