घरगुती ध्वनिमुद्रण आणि गिटारचा स्वर

गिटार मुंबईला परकी राहिलेली नाहीं. धोबी तलावाजवळच्या फुर्टाडो या वाद्यांच्या पेढीचा आरंभ १८६५ सालचा. गोव्याहून आलेल्या वादकांनीं हें वाद्य चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रुळविलें. आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काबरा यांनीं शिवकुमार शर्मा यांचें संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या जोडीनें तिच्यावर रागसंगीत वाजविलें. आज गिरगांव-दादरच्या कितीतरी घरांत ती भिंतीला टांगलेली दिसते, आणि तिचें वादन मुद्रित करण्याचीं साधनें खिशांत मावण्याइतकीं लहान झालीं आहेत. तरीही घरीं मुद्रित केलेला स्वर ऐकतांना बहुधा निराशाच पदरीं येते. समोर बसून ऐकतांना जो नाद भरीव वाटला, तोच यंत्रांतून कधीं पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखा, तर कधीं नुसता घुमणारा ऐकूं येतो. मग दोष मायक्रोफोनवर जातो व त्याहून महाग मायक्रोफोनची चौकशी सुरू होते. वस्तुतः दोष बहुधा यंत्राचा नसून अंतराचा असतो.

कानाच्या मागें मन असतें. खोलींतला पंखा, भिंतीवरून परतणारा आवाज, शेजारच्या कुकरची शिट्टी, हें सारें मन बाजूला सारतें आणि हवा तेवढाच स्वर उचलतें. मायक्रोफोनला ही निवड साधत नाहीं. म्हणून निवडीचें काम वादकालाच आधीं करून ठेवावें लागतें. आणि त्याच्या हातीं असलेलें सर्वांत प्रभावी साधन म्हणजे अंतर.

ही गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें मुद्रण सुरू झालें. त्यापूर्वीं वादक कर्ण्यापुढें बसत. आवाज कमीजास्त करण्याची कळ नव्हती. मोठ्या आवाजाचें वाद्य मागें सरकवावें आणि मंद आवाजाचें पुढें घ्यावें, एवढाच उपाय होता. पुढें मायक्रोफोन आला, तरी मुंबईच्या चित्रपटसंगीतांत दीर्घकाळ मोजक्या मायक्रोफोनांपुढें सबंध वाद्यवृंद बसे, आणि कोणी किती दूर बसावें हें ठरविणें हा ध्वनिमुद्रकाच्या विद्येचा मोठा भाग होता. ती विद्या घरांतही उपयोगी पडते.

प्रथम खोलीचा विचार करूं. १९२० च्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. अशा लहान खोलींत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें १० फूट अंतर आहे असें धरावें. मुंबईच्या उबदार हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारे ११४० फूट जातो. म्हणजे सेकंदाला ११४ आंदोलनें असलेल्या स्वराचा एक तरंग या भिंतींमध्यें नेमका बसतो. गिटारची पांचवी तार ११० आंदोलनांची, आणि तिच्या पोटांतील हवेचा स्वाभाविक घुमारा १०० च्या आसपास. साहजिकच या टापूंतले स्वर अशा खोलींत अकारण फुगतात. हा फुगवटा भिंतींलगत आणि दोहोंच्या मधोमध सर्वांत अधिक, तर भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, सर्वांत कमी असतो. म्हणून खोलीच्या ऐन मध्यावर बैठक मांडूं नये, आणि कोपरा तर टाळावाच. मायक्रोफोन भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर ठेवून पाहावा. केवळ एवढ्यानें घुमणारा खर्ज पुष्कळदां ताळ्यावर येतो.

दुसरी गोष्ट परतणाऱ्या आवाजाची. खोलींत एक टाळी वाजवावी. टाळीमागोमाग फडफडल्यासारखा आवाज उमटला, तर भिंती उघड्या आहेत असें समजावें. भरल्या चाळीच्या खोलीची येथें गंमत आहे. गाद्यांची वळकटी, कपड्यांचें कपाट, दोरीवरच्या साड्या यांनीं ती खोली आपोआपच शांत झालेली असते. उलट नव्या इमारतींतील फरशीची, मोकळ्या भिंतींची प्रशस्त खोली अधिक खणखणते. तेथें वादकाच्या मागें व बाजूला गोधड्या टांगाव्यात. गोधडी वरच्या पट्टीचे आवाज शोषते; खर्जासाठीं मात्र कापसाची जाड गादीच कोपऱ्यांत उभी करावी लागते. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याची चाल आहे, तिचा लाभ नगण्य. गिरगांवांतील जुन्या घरांच्या लांकडी तक्तपोशीवरून पावलांची धडधड मायक्रोफोनपर्यंत पोंचते. त्याच्या उभ्या दांड्याखालीं घडी घातलेली घोंगडी ठेवली कीं ती बरीच थांबते.

आतां मायक्रोफोन व वाद्य यांमधील अंतर. नवशिका मायक्रोफोन गिटारच्या गोल भोंकासमोर धरतो, कारण आवाज तेथूनच येतो अशी त्याची समजूत असते. परंतु तेथें पोटांतील हवेचा घुमाराच अधिक मिळतो. मायक्रोफोन साधारण एक फुटावर, दांडी जेथें पोटाला मिळते त्या बाजूला, बाराव्या पडद्याच्या रोखानें ठेवावा. तारेचा टणत्कार आणि लांकडाचा नाद यांचा मेळ तेथें चांगला बसतो. अंतर दुप्पट केलें कीं थेट येणारा आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. खोलीचा आवाज मात्र बहुतांशीं तेवढाच राहतो. म्हणून दूर गेल्यास खोली वाढते. फार जवळ गेल्यास एकाच दिशेचा आवाज टिपणारे मायक्रोफोन खर्ज फुगवितात. मुद्रणाची पातळी, सर्वांत जोरकस आघात कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खालीं राहील, अशी ठेवावी. मर्यादा ओलांडून चिरलेला स्वर मागाहून पूर्ववत् करतां येत नाहीं. मोबाईलवर मुद्रण करणाऱ्यानें आवाज आपोआप सांवरणारी व गोंगाट गाळणारी सोय बंद करावी. ती बोलण्यासाठीं आहे. तारेचा विरत जाणारा सूर ती गोंगाट समजून गिळून टाकते.

वाद्याकडेही लक्ष हवें. पावसाळ्यांत समुद्रकांठच्या दमट हवेनें तारा गंजतात व लांकूड ओल धरतें. त्यामुळें नाद बोथट होतो. मुद्रणापूर्वीं एक-दोन दिवस नव्या तारा चढवाव्यात, आणि वाद्य पेटींत ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावें. वेळही निवडावी. १९८२ च्या संपानंतर एकेक करीत गिरण्यांचे भोंगे थांबले. आज परळ-लालबागला इमारतींच्या बांधकामाचा आवाज आहे. रात्रीं एकच्या सुमारास लोकल गाड्या थांबतात व पहांटे चारनंतर पुन्हा धावूं लागतात. परंतु ती शेजाऱ्यांच्या झोंपेची वेळ आहे. दुपारच्या निवांत वेळीं पंखा बंद करून, खिडकी लावून दहा मिनिटें काढणें हाच शहाणा मार्ग.

एवढें करूनही अखेरचा निर्णय कानाचाच. तीन जागीं तीन वेळां तोच तुकडा अर्धा-अर्धा मिनिट मुद्रित करावा आणि दुसऱ्या दिवशीं ताज्या कानांनीं ऐकावा. यासाठीं एक पैही लागत नाहीं.

हा खटाटोप केवळ हौसेचा नाहीं. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या कुटुंबांना २०२५ सालीं ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगांव व ना. म. जोशी मार्गावरील चाळींचाही पुनर्विकास चालला आहे. जुन्या खोल्या जात आहेत, आणि त्यांत वाजविणारीं वडीलधारीं माणसेंही थकत चाललीं आहेत. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका निघतात. घरांतल्या वडिलांनीं संध्याकाळीं छेडलेल्या सुरांची मात्र घरच्यांनीं केली तर तेवढीच नोंद राहते. तीं माणसें वाजवीत आहेत तोंवरच, मायक्रोफोन चार बोटें इकडेतिकडे सरकवून, ती नोंद नीट करून ठेवावी.