गर्भातील मूत्रपिंडाची जडणघडण आणि ऊसतोडीचा हंगाम

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकाला नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख नेफ्रॉन असले, तरी हा आकडा कोणाकडे दोन-अडीच लाख, तर कोणाकडे वीस लाखांहूनही अधिक असतो. हा फरक बव्हंशी आईच्या पोटातच ठरतो; कारण नवे नेफ्रॉन घडण्याचे काम गरोदरपणाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास थांबते आणि पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळात पुढे त्यांची भर पडत नाही.

ही घडण प्रथिनांच्या हातून होते. शरीरातील बहुतेक पेशींत जनुके सारखीच असतात. मात्र कोणत्या पेशीने, केव्हा, कोणत्या जनुकावरून प्रथिन तयार करावे हे वेगवेगळे असते, आणि यालाच प्रथिनांची अभिव्यक्ती म्हणतात. गर्भधारणेनंतरच्या पाचव्या आठवड्यात एक पेशीसमूह ‘जीडीएनएफ’ हे प्रथिन सोडतो, शेजारच्या मूत्रवाहिनीच्या अंकुरावरील ‘रेट’ हे प्रथिन ते टिपते, आणि अंकुर त्या पेशीसमूहात शिरून त्याला फाटे फुटू लागतात. फाट्यांच्या टोकांशी नेफ्रॉन आकार घेतात, तर ‘नेफ्रिन’ व ‘पोडोसिन’ ही प्रथिने गाळणीची जाळी विणतात. ‘रेट’ पुरेसे तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते; म्हणून आईच्या ताटातील मेथी, शेवग्याचा पाला व गाजर यांचा या घडणीशी थेट संबंध आहे. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, कारण त्यांचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो.

अर्ध्याहून अधिक नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत घडतात, आणि बीड जिल्ह्यात नेमकी येथेच अडचण येते. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी स्त्री तेव्हा चौथ्या महिन्यात असेल, तर तिचे शेवटचे तीन महिने फेब्रुवारी ते एप्रिलच्या उन्हात, मोळ्या वाहण्यात आणि खाडा पडू नये या धास्तीत जातात. अपुरा आहार, रक्तक्षय व वाढलेला रक्तदाब यांमुळे बाळाची वाढ खुंटते. अशा कमी वजनाच्या बाळात नेफ्रॉनही कमी असतात. जन्मतः नेफ्रॉन कमी असल्यास पुढे रक्तदाबाचा धोका वाढतो, असा विचार मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला, आणि नंतरच्या अभ्यासांतून त्याला आधार मिळत गेला.

म्हणून गरोदर स्त्रीची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत आशाताईंकडे व्हावी, माता-बाल संरक्षण कार्ड कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीतही, सोबत असावे, आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या मोफत तपासणीत रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. फडातली कंबरदुखी शमवण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. २० आठवड्यांनंतर या गोळ्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटू शकतो, आणि गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असल्याने तेही कमी होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर दिवस राहताच त्या डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण एनालाप्रिलसारखी औषधे गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन भरलेल्या मुलाची कार्डावरील नोंद जपून ठेवावी आणि शाळेच्या वयापासून वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजून घ्यावा.