रिकामा वेळ, भरलेला दिवस

बंगळुरूहून बोलतोय. आजचा विषय हलकाफुलका आहे. सध्या लोक फावल्या वेळात काय करतात, काय बघतात, फोनमध्ये कशासाठी डोकं घालून बसतात आणि त्यातलं आपल्या वयाच्या माणसानं उचलण्यासारखं काय आहे, याची एक चक्कर मारू या. मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. निवृत्तीनंतर मुलीच्या मागोमाग आम्ही दोघं या शहरात आलो. तेव्हा या शहराचा जाणकार म्हणून नाही, इथला एक रिकामा रहिवासी म्हणून माझं ऐका.

रिकामा हा शब्द मुद्दाम वापरला. नोकरीत असताना सकाळी साडेपाचला शिट्टी वाजते आणि रात्री झोपेपर्यंत आपला दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला असतो. निवृत्तीनंतर पहिले दोन महिने सुट्टीसारखे जातात. तिसऱ्या महिन्यात कळतं की दिवस फार लांब असतो. फोनची घंटा कमी होते. मग तोच फोन हातात घेऊन माणूस एकामागून एक छोटे व्हिडिओ सरकवत बसतो. जेवायची हाक आली की कळतं, दोन तास गेले. काय पाहिलं विचाराल, तर एकही धड आठवत नाही.

याला मी करमणूक म्हणतो, छंद नाही. करमणूक वाईट नाही. आमच्याकडेही संध्याकाळी मराठी नाटकं यूट्यूबवर लागतात, भाडिपाचे व्हिडिओ बघून आम्ही हसतो, दुपारी पोळ्या लाटताना बायको स्टोरीटेलवर कादंबरी ऐकते. पण छंदात आपल्याला काहीतरी करावं लागतं. आणि आज आपण बसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं. हा दुसरा भाग महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो.

सुरुवात माझ्या घरच्या मैदानापासून करतो, म्हणजे हॅम रेडिओ. लोकांना वाटतं मोबाइल आल्यावर हे संपलं असेल. संपलेलं नाही. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना मिळू शकतो. आपल्याकडची हाक-चिन्हं साधारणपणे व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. बंगळुरू हे या छंदाचं जुनं केंद्र. ५ मे २००५ रोजी इस्रोनं खास हौशी रेडिओवाल्यांसाठी हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रह सोडला. जगभरच्या लोकांनी तो २०१४पर्यंत वापरला. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी रेडिओच्याच कामासाठी अंदमानात होते. टेलिफोन बंद पडले, आणि अडकलेल्यांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायचं काम या हौशी मंडळींनी केलं. छंद असा कधीतरी कामाला येतो.

आता यातही इंटरनेटचं युग आलंय. जोसेफ टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. निवृत्तीच्या वयात त्यांनी सहकाऱ्याबरोबर २०१७ साली एफटी-८ नावाची पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संदेश संगणक पकडतो. गच्चीवर एक तार, खाली लहानसा संच, आणि जपानचा कुणीतरी उत्तर देतो. तार लावायला मात्र सोसायटीची परवानगी लागते, आणि अनुभवानं सांगतो, जपानशी संपर्क साधणं त्यापेक्षा सोपं.

रेडिओ नको असेल तर पक्षी बघा. याला लागतात दोन डोळे आणि लवकर उठायची तयारी. दुर्बीण नंतर घेतली तरी चालते. लालबागेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी पक्षी बघायला माणसं जमतात, ही इथली जुनी रीत. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं मर्लिन नावाचं ॲप फुकट मिळतं. पक्षी ओरडला की ते ऐकून नाव सुचवतं. त्याच लोकांचं ई-बर्ड २००२पासून चालू आहे. आपण कुठे, किती वाजता, कोणते पक्षी किती पाहिले ते त्यात भरायचं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर गणना होते, त्यात पंधरा मिनिटं गॅलरीत बसून केलेली नोंदही धरतात. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही विज्ञानाच्या कामात हातभार लावता येतो, हे मला फार आवडतं.

फक्त एक करा. ॲपनं इंग्रजी नाव सांगितलं की मराठी नाव शोधा. आपल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ रचला, आयुष्य जंगलात घालवून मराठीला शेकडो शब्द दिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. आमच्या इमारतीसमोरच्या झाडावर एक हिरवा पक्षी दिवसभर कुटुर कुटुर करतो. मराठीत त्याला कुटुरगा म्हणतात. आमच्या रखवालदारानं कन्नड नाव सांगितलं, तेही जवळपास तेच निघालं. त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली आणि माझं कन्नड स्वल्प स्वल्प पुढे सरकलं. परक्या शहरात भाषेचं पुस्तक उघडण्यापेक्षा एखादा छंद धरणं जास्त उपयोगी पडतं.

आता या शहराचा खास छंद सांगतो, शिलालेख शोधणं. बंगळुरूत गेल्या काही वर्षांत हे वेड पसरलंय. पी. एल. उदयकुमार हे पेशानं इंजिनिअर. ते आणि त्यांचे साथीदार गल्लीबोळांतून, शेतांतून, बांधकामाच्या ढिगाऱ्यांतून जुने कोरीव दगड हुडकतात. मिथिक सोसायटीच्या प्रकल्पात या दगडांचं त्रिमितीय स्कॅनिंग होतं, म्हणजे उद्या दगड फुटला तरी अक्षरं राहतील. बेगूरच्या नागेश्वर देवळातला एक वीरगळ इसवी सन ८९०च्या सुमाराचा आहे, आणि त्यावर ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख आहे. उकडलेल्या शेंगांवरून गावाला नाव पडलं, ही होयसळ राजाची गोष्ट त्यानंतरच्या काळातली, त्यामुळे ती गोष्टच राहते. एका दगडानं शहराचं वय वाढवलं.

मराठी माणसाला यात दुप्पट रस वाटायला हवा. १६३८नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी व्यंकोजीराजांनी १६६९ साली दिलेल्या दानाचा लेख जोडलेला आहे. तिथे रविवारी सकाळी जाऊन यावं, जवळपास डोसा खावा, घरी येऊन इतिहास वाचावा. खर्च शंभर-दोनशे रुपये. आणि तुम्ही सोलापुरात असा, बेळगावात असा की इंदुरात, तुमच्या गावच्या वेशीवरही एखादा वीरगळ शेंदूर फासून उभा असेल. त्याचा नीट फोटो काढून ठेवा, एवढंच पुष्कळ.

संध्याकाळी बाहेर पडायचं असेल तर जे. पी. नगरचं रंगशंकरा. अरुंधती नाग यांच्या पुढाकारानं २००४मध्ये उभं राहिलेलं हे नाट्यगृह. मला आवडायचं खास कारण असं, की ठरलेल्या वेळी दार बंद होतं. उशिरा आलेल्याला प्रवेश नाही, मग तो कुणीही असो. फौजी माणसाला आणखी काय हवं? कन्नड नाटक निम्मं समजतं, पण नटांचे चेहरे पूर्ण समजतात.

शेवटचा छंद बुद्धिबळ. याची सध्या लाट आहे आणि त्यात आपला वाटा मोठा आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली याच बंगळुरूत झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. आणि जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीसारख्या मातब्बर खेळाडूला हरवून, आणि थेट ग्रँडमास्टर झाली. खेळायला पैसे लागत नाहीत. लीचेस हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्यावर जाहिरातीही नाहीत. आमच्या इमारतीतला नऊ वर्षांचा एक पोरगा मला नियमितपणे हरवतो आणि वर ‘अंकल, गुड गेम’ म्हणतो.

पण माझा खरा डाव वेगळा आहे. पूर्वी लोक पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत, एका कार्डावर एक चाल. तोच प्रकार आता फोनवर होतो. साताऱ्याला माझा एक जुना दोस्त राहतो, अकादमीपासूनचा. वहिनी गेल्यापासून एकटा आहे. मुलगा परदेशात. तो फोनवर कधी बोलत नाही, म्हणतो, “रोज रोज काय सांगायचं?” म्हणून आम्ही डाव मांडला. दिवसाला एक चाल. माझी सकाळी, त्याची संध्याकाळी सातच्या आत. तीन वर्षं झाली. तो माझ्यापेक्षा बराच चांगला खेळतो.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी चाल आली नाही. सात वाजले, साडेसात वाजले. फोन केला, उचलला नाही. मी त्याच्या शेजाऱ्यांना फोन लावला, त्यांच्याकडे किल्ली होती. तो न्हाणीघरात पडला होता, दुपारपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, शुद्धीवर होता, पण ओरडून घसा बसला होता. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी दवाखान्यातून त्याची चाल आली. माझा उंट मारला होता.

मंडळी, मघाशी म्हणालो ना, आपण बसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, ते यासाठी. व्हिडिओ सरकवणारा माणूस थांबला तर समोरच्या यंत्राला काही फरक पडत नाही. रेडिओवरचा गडी, लालबागेतली टोळी, पटापलीकडचा दोस्त यांना पडतो. आणि याचा आणखी एक फायदा. सध्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली पेन्शनरांना लुबाडणारे फोन येतात. कायद्यात असली अटक नाहीच. चोरांची सगळी मदार आपण एकटे आणि गप्प असण्यावर असते. ज्याला संध्याकाळी चार माणसांत जायचंय, तो हे कुणाला तरी सांगतो आणि वाचतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० हा क्रमांक फिरवा.

तरुणांना एक विनंती. आईवडिलांना नुसता महागडा फोन देऊ नका. त्यावर एक डाव मांडून द्या आणि स्वतः समोर बसा. दिवसाला एक चाल, त्याला एक मिनिट लागतं.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना सांगतो, या आठवड्यात एकच गोष्ट धरा. पक्षी, दगड, नाटक, रेडिओ, पट, काहीही. जमेल का, हा विचार नको, भरती झालो तेव्हा तरी कुठे माहीत होतं? येतो. साताऱ्याची चाल यायची वेळ झाली आहे. जय हिंद.