वाळवंटातले घर आणि बाईची दुपार

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



घराच्या हक्काबद्दल आपण पुष्कळ बोलतो. घर बाईच्या नावावर हवे, नवऱ्याने हाकलले तरी डोक्यावर छप्पर हवे. ते हवेच. पण ते छप्पर कसले, याचाही विचार आपण केला पाहिजे. त्यासाठी कच्छचे उदाहरण घेऊ.

कच्छच्या बन्नी भागात 'भुंगा' नावाचे गोल घर असते. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, वर गवताचे शंकूसारखे छप्पर. जाड भिंत सावकाश तापते. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात दगडमातीची चौकोनी घरे कोसळली, पण बरेच भुंगे उभे राहिले. याउलट सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. पत्र्याखाली तर भरदुपारी भट्टी होते. त्या भट्टीत असते कोण? भाकरी करणारी, भरतकाम करणारी, बाळंतीण, म्हातारी.

'म्हणून मातीचे घर चांगले' एवढे म्हणून पर्यावरणवादी मित्र थांबतात. आपल्याला थांबता येत नाही. भुंग्याच्या भिंती लिंपते कोण? आरसे लावलेल्या लिंपणाचे फोटो पर्यटक काढून नेतात. पण पावसाने धुपलेली भिंत पुन्हा लिंपणे हे बायकांचे बिनपगारी काम आहे आणि त्याचा हिशेब कुठे धरला जात नाही. मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून केलेल्या विटा पावसात जास्त टिकतात, लिंपण कमी लागते. पर्याय निवडताना बाईचे किती दिवस वाचतील, हेही खर्चाइतकेच महत्त्वाचे मानायला हवे.

दुसरा मुद्दा रात्रीचा. जाड भिंत दिवसाची उष्णता रात्री सोडते, तेव्हा अंगणात झोपावे, असे सांगतात. पुरुष झोपतात. तरण्या मुलीला, नव्या सुनेला ते शक्य असते का? म्हणून छपराजवळ झरोके हवेत, आडोशाचे अंगण हवे. चुलीसाठी घराबाहेर सावलीची जागा हवी.

हे बायकांनी सांगायचे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या, त्यांनी बांधकामावर लक्ष ठेवले. २००१ नंतर त्यांतल्या काहीजणी आपला अनुभव सांगायला कच्छला गेल्या.

मराठवाडा-विदर्भ वाळवंट नाही, पण मे महिन्यात पत्र्याखालची दुपार तिथेही तशीच असते. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) नियमांत घर साधारणपणे बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करायचे आहे, आणि किमान २५ चौरस मीटरमध्ये स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत नावाबरोबर नकाशाही मागा. छप्पर कशाचे, झरोका कुठे, गवंडीकामाची मजुरी बाईला मिळणार का, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.