कुलूप रस्त्याचे, खात्री माणसाची
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



"मोबाइलवरून बँकेचा व्यवहार केला तर मधेच कुणी वाचत नाही का?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. त्यावर थोडे बोलतो.

पूर्वी बँकेत टी.टी. असायची, म्हणजे तारेने पैसे पाठवणे. तार अनेकांच्या नजरेखालून जायची. म्हणून तिच्यात एक गुप्त आकडा घालत. रक्कम, तारीख, शाखा यांना सांकेतिक पुस्तकात ठरलेले अंक असत. त्यांच्या बेरजेतून तो आकडा निघे. समोरची शाखा आपल्या पुस्तकावरून ताळा करी. जुळला तरच पैसे.

पण ते पुस्तक आधी सीलबंद पोचवावे लागे. तुमचा मोबाइल आणि बँकेचा संगणक तर कधी भेटलेलेच नसतात! मग किल्ली ठरते कशी? १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी गणिताची युक्ती दाखवली: सगळ्यांदेखत आकड्यांची देवाणघेवाण करूनही दोघांनाच कळेल अशी किल्ली बनवता येते. आजच्या टीएलएस या पद्धतीत हीच युक्ती वापरतात. दर भेटीला नवी किल्ली. पत्त्यात 'एचटीटीपीएस' दिसते ते यामुळेच. टीएलएसची पहिली आवृत्ती १९९९ची. त्याच वर्षी १ मे रोजी आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. म्हणजे दोघे एकाच वयाचे!

आता महत्त्वाचे. हे कुलूप रस्त्याचे आहे, पलीकडच्या माणसाचे नाही. चोरानेही आपल्या बनावट साइटला असेच कुलूप लावलेले असते. तुमचा ओटीपी अगदी सुरक्षितपणे चोराच्या हातात पोचतो! बँकेचीही तीच गत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते वाटेतले कुलूप फोडून नव्हे. चोरांनी बँकेच्या यंत्रणेतच घातक प्रोग्रॅम घुसवला होता.

म्हणून पत्ता शेवटपर्यंत वाचा. रिझर्व्ह बँकेने आता बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिला आहे. आलेल्या लिंकवरून बँकेत शिरू नका. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आणि घरातल्या पोरांनो, आजी-आजोबांनी विचारले तर वैतागू नका. पेन्शन त्यांची आहे, आयुष्यभराची आहे.